तीन मोजत वर, चार मोजत खाली

“नाना बारागाड्या ओढणार? अरे भो, त्यांनी गेल्या वीस वर्षांत चपलेपेक्षा जड काही उचललेलं नाही.”

“आणि चप्पलसुद्धा तीन मोजत उचलतात.”

पहिलं वाक्य बंटीचं, दुसरं हेमंतशेठचं. मी जिमच्या दाराशी चपलांच्या मांडणीमागे वाकून बुटाची नाडी बांधत होते आणि मी तिथे आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. मी कुठेही असले तरी ते सहसा कुणाला माहीत नसतं. दोघं भरपूर हसले. मग बंटी हसता हसता थांबून म्हणाला, “पण शेठ, गाड्या हलल्याच नाहीत तर?”

हेमंतशेठनी टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घातली. मीही नाडी पुन्हा एकदा सोडून बांधली.

बारागाड्या म्हणजे काय, हे जळगावात जन्मून-वाढूनही मला त्याच आठवड्यात नीट कळलं होतं. बैल सोडलेल्या बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात, त्यांत माणसं खच्चून भरतात, आणि ज्या घराकडे मान असतो त्या घरचा माणूस, म्हणजे भगत, कमरेला दोर बांधून त्या सगळ्या वेशीपासून देवळापर्यंत ओढत नेतो. नानांच्या गावी, पारोळ्याच्या पुढे धुळे रस्त्यावरून आत, हे अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, होतं. मान नानांच्या घराकडे होता. त्यांचे थोरले भाऊ आबा बत्तीस वर्षं गाड्या ओढत होते. या वर्षी आबा घरच्याच शेळीला अडखळून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. आबांचा मुलगा सुरतला, त्याच्या मणक्याची गादी सरकलेली. आबांच्या खाटेशी सगळं घर चिंतेत बसलेलं असताना नाना म्हणाले, “मी शे ना.”

म्हणजे ‘मी आहे ना.’ एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी जिममध्ये येऊन रोजच्यासारखा पंखा पुसायला लागले.

आता गोष्ट अशी होती की नाना आमच्या जिमचे मालक, आणि तीस वर्षं ते एकच गोष्ट सांगत आले होते: वजन मोठं नाही, ताबा मोठा. “वजन ओढाले बैल शेतस,” असं ते येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगत, “तू मानूस शे.” आणि आता ते स्वतःच बैलाच्या जागी उभे राहणार होते. गाड्या हलल्या नसत्या तर गावात आबांच्या घराची मान खाली गेली असती, ते वेगळं. पण जळगावात तीस वर्षांचं सगळं म्हणणं सर्वांदेखत खोटं पडलं असतं. आमच्या समोरच काचेच्या भिंतींचं एक नवं जिम झालं होतं. तिथे वजनं आपटल्याचा आवाज थेट रस्त्यावर यायचा आणि तिथल्या पोरांनी नानांच्या जिमचं नाव ‘खेळण्यांचं दुकान’ असं ठेवलं होतं.

नाना अठ्ठावन्न वर्षांचे होते.

त्यांना पहिल्यांदा पाहणारा माणूस ‘इथले नाना कुठे भेटतील?’ असं त्यांनाच विचारायचा. उंची बेताची. चष्मा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट नीट आत खोचलेला, खिशाला निळं पेन. एखाद्या शाळेतले चित्रकलेचे सर वाटावेत. शर्टाच्या आत काय आहे याची कल्पना फक्त त्या पेनावरून यायची. छातीचा डावा स्नायू ते एकटा उडवू शकत. बाकी शरीर देवळातल्या खांबासारखं स्थिर, आणि खिशात पेन टुणकन उडी मारी. एक उडी म्हणजे नाही, दोन म्हणजे हो. तोंडात पाणी असलं, फोन चालू असला किंवा समोरच्याशी बोलायचा कंटाळा आला असला की नाना पेनाने उत्तर देत.

“नाना, आज पण खांदे मारू का?”

पेनाची एक उडी. पोरगं मुकाट्याने पायांचा व्यायाम करायला जाई.

एकदा एका लग्नात मुलीच्या वडिलांनी त्यांना विचारलं, “जेवण बरं झालंय ना नाना?” नानांच्या तोंडात जिलबी होती. पेन दोनदा उडालं. मुलीच्या वडिलांनी त्यांना दोन्ही खांद्यांना धरून खुर्चीत बसवलं आणि “डॉक्टर आहे का कुणी?” म्हणून ओरडत मांडवभर धावले. डॉक्टर आले, नानांच्या छातीला नळी लावली, आणि घाबरून स्वतःच खाली बसले. कारण त्यांनी ‘दुखतंय का?’ असं विचारलं होतं आणि जिलबी अजून संपलेली नव्हती.

आमचं जिम एका पिठाच्या गिरणीच्या वर होतं. सकाळी जमीन हळूहळू थरथरायची आणि सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. गिरणीवाले चिंधूभाऊ खाली एक बांबू ठेवून असत. वर कुणी वजन आपटलं की ते खालून छताला तीन ठोसे मारत. “वर तुम्ही आपटता,” त्यांचं म्हणणं, “आणि खाली माझं पीठ जाड पडतं. बायका मला बोलतात.” हेमंतशेठचं असं मत होतं की नानांचं सगळं तत्त्वज्ञान मुळात या बांबूतून निघालेलं आहे. हे त्यांनी एकदा नानांसमोर बोलून दाखवलं. पेन जराही हललं नाही. त्या अर्थी त्यात तथ्य असावं.

वजनांच्या चकत्यांवर आकडे नव्हते. म्हणजे होते, पण जिन्याच्या दाराला रंग दिल्यावर उरलेला निळा रंग नानांनी सगळ्या चकत्यांवर दोन-दोन हात चढवला होता. कोण किती उचलतंय ते कुणालाच कळत नसे. “आकडा वाचा का मानूस आकडाच उचलस,” असं नाना म्हणत. पोरांचा जीव नुसता कासावीस व्हायचा. मित्रांना काय सांगायचं? एकाने डब्यातून ताणकाटा लपवून आणला आणि कोपऱ्यात चकती लटकवून मोजताना पकडला गेला.  ताणकाटा नानांनी भिंतीवर खिळ्याला टांगला आणि खाली खडूने लिहिलं, ‘येथे भाजी मोजून मिळेल.’

हेमंतशेठची अडचण वेगळी होती. ते मार्केट यार्डात धान्याचे व्यापारी. तीस वर्षं पोती हाताळून त्यांच्या हातातच तराजू बसला होता. चकती उचलली की तोंडातून आपोआप निघायचं, “साडेसात.” आजूबाजूची पोरं कान टवकारून बसलेली असत. शेवटी नानांनी फर्मान काढलं की हेमंतशेठ हातमोजे घालूनच व्यायाम करतील. शेठच्या बायकोने विणलेले लोकरीचे होते, तेच ते घालून यायचे. जळगावात मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत, लाल लोकरीचे हातमोजे घातलेला धान्याचा व्यापारी मी रोज सकाळी पाहिलेला आहे. तरीसुद्धा ते हळूच पुटपुटायचे, “साडेसात... मोज्यासकट.”

पण नानांची खरी करामत पाहायची तर बंटीचं केळं पाहायला हवं.

बंटी समोरच्या काचेच्या जिममधून आमच्याकडे आला. नुसता आडवा वाढलेला, दंड इतके जाड की हात अंगाला टेकत नसत. पहिल्याच दिवशी त्याने होती नव्हती ती सगळी वजनं दांडीला लावली आणि कंबर मागेपुढे झोकत दंडाचा व्यायाम सुरू केला. दांडी वर जायची ती झोक्याने, खाली यायची ती देवाच्या भरवशावर. नाना थोडा वेळ चष्म्यातून पाहत राहिले. मग म्हणाले, “अरे भो, बायसेप तर तुनी कंबर करी ऱ्हायनी.” त्यांनी दांडीवरची सगळी वजनं उतरवली, मोकळी दांडी बंटीच्या हातात दिली आणि त्याच्या दोन्ही काखांत एकेक केळं ठेवलं.

सावद्याकडचे एक केळीचे व्यापारी आमच्याकडे यायचे. त्यांच्यामुळे जिममध्ये केळ्यांचा घड कायम टांगलेला असे. नियम सोपा होता. केळं पडलं तर कोपर हललं. केळं चेपलं तर खांदा मध्ये घुसला. तीन मोजत वर, चार मोजत खाली. आणि चेपलेलं केळं चेपणाऱ्यानेच खायचं. “वर तं कोनीबी नेस,” नाना म्हणायचे. “खाले आन, मंग सांग.”

पहिल्या आठवड्यात बंटीने अकरा केळी खाल्ली. मोकळी दांडी उचलून त्याचं वजन दीड किलोने वाढलं. दुसऱ्या आठवड्यात त्याची आई सहा टी-शर्ट घेऊन जिना चढून वर आली. सगळ्यांच्या काखा तपकिरी.

“नाना,” ती म्हणाली, “तुम्ही इथे व्यायाम शिकवता का शिकरण?”

नानांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली आणि टी-शर्टांच्या पैशांचं विचारलं. ती म्हणाली, पैसे नकोत, पण निदान केळी कच्ची तरी वापरा.

तिसऱ्या महिन्यात एका मंगळवारी बंटीने बारा वेळा दांडी वर नेली, बारा वेळा खाली आणली, आणि दोन्ही केळी काखेतून जशीच्या तशी निघाली. सगळं जिम थांबलं. नानांनी एक केळं हातात घेतलं, उजेडाकडे धरून फिरवून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, “एक्स्पोर्टले चाली.” बंटी रडला. पंचाण्णव किलोचा माणूस टॉवेलात तोंड घालून रडत होता. खालून चिंधूभाऊंनी बांबूचा ठोसा मारला, कारण आनंदाच्या भरात कुणीतरी दांडी आपटली होती.

नाना असे का झाले याची एक गोष्ट ते सांगत. चोवीस वर्षांचे असताना धुळ्याच्या एका स्पर्धेत त्यांनी ईर्षेने वजन उचललं आणि कंबर गेली. चार महिने पाठीवर पडून होते. हलायला मनाई. करणार काय? मग छताकडे बघत त्यांनी एकेक स्नायू वेगळा शोधून काढला. आधी पायाची बोटं, मग पोटरी, असं करत चौथ्या महिन्यात ते छातीशी पोचले. गोष्ट खरी होती, फक्त उचललेलं वजन दर वेळी बदलायचं. मला त्यांनी एकशे वीस सांगितलं होतं, बंटीला एकशे साठ. हेमंतशेठना मात्र त्यांनी आकडा कधीच सांगितला नाही.

मी तिथे गेले ती मानेच्या दुखण्यामुळे. घरून लॅपटॉपवर काम करून माझे खांदे पुढे आले होते. पहिले तीन आठवडे मला एकही वजन मिळालं नाही. नानांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि माझ्याबरोबरची एक मुलगी रोज माझ्या पाठीच्या दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या हाडांच्या, मध्ये टी-शर्टावरून एक रिकामी आगपेटी चिकटपट्टीने लावायची. ती पेटी मी दाबायची. कशाने, हे मला समजत नव्हतं, आणि विचारायचं कसं तेही. माझ्या मनात प्रश्न इंग्रजीत तयार होतो, त्याचं मराठी होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. नानांनी तीन हात अंतरावर उभं राहून हवेतच दोन बोटं जवळ आणून दाखवली. “तुन्या पाठीमांगे एक दार शे पोरी,” म्हणाले. “ते लाव. हातवरी नको, दारवरीच लाव.”

एकोणिसाव्या दिवशी पाठीमागे बारीकसा ‘चर्र’ आवाज झाला. नाना तेव्हा खोलीच्या दुसऱ्या टोकाला हेमंतशेठना मोजे घालायला लावत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. “सापडनं,” एवढंच म्हणाले. मी बराच वेळ भिंतीकडेच तोंड करून उभी राहिले.

तर असे हे नाना. आणि त्यांनी बारागाड्यांची तयारी सुरू केली.

आम्हाला वाटलं, आता तरी ते वजन वाढवतील. बंटीने त्याच्या काकांचा टेम्पो आणायची तयारी दाखवली. कमरेला दोर बांधा नाना, रस्त्यावर ओढून पाहू. पेनाची एक उडी. नानांनी संध्याकाळी गच्चीवर जाऊन कमरेला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक बांधलं एका प्लास्टिकच्या खुर्चीला. रिकाम्या खुर्चीला. आणि ती तीन मोजत एक पाऊल, चार मोजत दुसरं, अशी गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. घाम निथळत होता. खुर्ची वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्यावर कुणाला तरी हात ठेवून चालावं लागत होतं.

“नाना,” बंटी शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, “निदान खुर्चीत बसू का मी?”

“काबर रे भो? खुर्ची काय वाईट शे?”

समोरच्या काचेच्या जिममधली पोरं खिडकीत येऊन बघायची. एकाने व्हिडिओ काढला. तो दोन दिवसांत अर्ध्या जळगावात फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘अखजीला नाना टीपॉय ओढणार.’ आमच्या जिममधली चार पोरं त्याच आठवड्यात गपचूप समोर गेली. नाना त्या दिवशी पंखा पुसत होते. पंखा स्वच्छ होता तरी पुसत होते.

अखजीच्या दिवशी आम्ही वीस जण दोन गाड्या करून गावी गेलो. आबांच्या अंगणात जेवण होतं. आमरस, पुरणपोळ्या, सार-भात, पुन्हा आमरस. आबा प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून खाटेवर बसले होते आणि नानांना शेवटच्या सूचना देत होते. आबा नानांच्या दुप्पट रुंद. आवाज त्याहून रुंद.

“झटका दे. पहिला झटकाच खरा! झटका दिधा का गाड्या पयतस.”

“झटका नही आबा. ताण.”

“अरे नान्या, बत्तीस वरीस झटकाच दिधा मी!”

“म्हनून तं शेळीले अडकीसन पडना.”

घरातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आबांनी नानांच्या दिशेने उशी फेकली. मग त्यांना पाय ठेवायला दुसरी उशी आणावी लागली.

ऊन उतरल्यावर वेशीपाशी बारा गाड्या लागल्या. नाना देवाच्या पाया पडून, अंगाला हळद लावून, फक्त धोतरावर बाहेर आले. आम्ही कुणीच त्यांना शर्टाशिवाय पाहिलेलं नव्हतं. दवाखान्यात भिंतीवर स्नायूंचा तक्ता असतो ना, तो चालत आल्यासारखा दिसत होता.  मग एक म्हातारी स्पष्ट म्हणाली, “माय वं! शर्टमां इतलं व्हतं?”

आणि इथेच आमच्याकडून चूक झाली. पहिल्या गाडीत बसायचा मान भगताच्या घरच्यांचा. आबांनी मोठ्या मनाने तो आम्हाला दिला, आणि आम्हीही तो मोठ्या मनाने घेतला. नानांचा फॉर्म, म्हणजे ओढतानाची अंगाची ठेवण, जवळून दिसावा म्हणून वीसच्या वीस जण पहिल्या गाडीत चढलो. बंटी पंचाण्णव, हेमंतशेठ एकशे दोन, बाकीचे सगळे नानांनीच पोसलेले. त्यात प्रत्येकाच्या पोटात चार-पाच पुरणपोळ्या. गाडीचा आस करकरला. आणि एकदा चढलेला माणूस देऊळ येईपर्यंत उतरत नाही, हे आम्हाला चढल्यावर कळलं. मी अगदी पुढे, जोखडाशी बसले होते. नानांची पाठ माझ्यापासून चार हातांवर होती.

जयघोष झाला. ढोल वाजले. नानांच्या दोन बाजूंना धरायला दोन माणसं उभी राहिली. नाना पुढे झुकले. दोर ताठ झाला. पोटऱ्या, मांड्या, कंबर, पाठ, सगळं एकामागून एक जागं होत गेलं. मला ते एखाद्या घरात खोलीमागून खोलीत दिवा लागत जावा तसं दिसत होतं. तीन. चार. पाच.

गाड्या हलल्या नाहीत.

ढोल थांबले, पुन्हा सुरू झाले. नाना पुन्हा झुकले. चाक तसूभरही सरकलं नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, “शहरनी बॅटरी उतरनी रे!” हशा झाला. आबांना चार जणांनी खाटेसकट उचलून आणलं होतं. ते खाटेवरून ओरडले, “नान्या, झटका दे!” बाजूची दोन माणसं म्हणाली, नाना, आम्ही लावतो जोर. गाडीत बंटी खाली मान घालून बसला होता. “माझ्यामुळे,” तो पुटपुटत होता. “सगळी केळी माझ्याच पोटात आहेत.”

नानांनी बाजूच्या माणसांना हाताने थांबवलं आणि मागे वळले. मला वाटलं, आता ते हरल्यासारखे दिसतील. पण बंटीने पहिल्या दिवशी कंबर झोकली तेव्हा त्यांचा जो चेहरा होता, तोच आता बाराही गाड्यांकडे पाहून झाला होता.

“बठ्ठा जन आंग ढिलं टाकीसन बठेल शेतस!” ते कडाडले. “मुर्दा वजन शे हाई! पाठ सरळ! पोट मझार ल्या!”

कुणाला काही कळेना. आम्हाला मात्र कळलं. आम्ही वीस जण खाडकन ताठ झालो, पोटं आत. बंटीने मागच्या गाडीकडे वळून ओरडून सांगितलं, “पाठ सरळ, पोट आत!” तिने तिसरीला सांगितलं, तिसरीने चौथीला. हुकूम मागे मागे जात राहिला. सातव्या गाडीतून एक बाई ओरडली, “पाच पुरनपोया खायेल शेतस भो! पोट आते कथं लपाडू?” शेवटच्या गाडीत तो पोचेपर्यंत ‘पोट आवरा, देव रागावला’ असा काहीतरी झाला होता, पण त्यांनीही आवरलं. दीड-दोनशे माणसं श्वास रोखून, माना ताठ करून, फोटोला बसल्यासारखी बसली. 

नाना वळले, झुकले, आणि मोठ्याने मोजलं, “एक... दोन... तीन.”

माझ्याखालचं चाक एक बोट सरकलं.

हेमंतशेठ अजून भांडतात की पोट आत घेऊन वजन तोळाभरही कमी होत नाही, तीस वर्षं तराजूवर बसलोय मी. त्यांचं म्हणणं, सगळे एकदम ताठ होऊन पुढे झुकले त्याचा तो रेटा. असेल. पण गाड्या हलल्या, आणि बारावी गाडी हलल्याची आरोळी मागून आली तेव्हा आबा खाटेवर प्लास्टरसकट उभे राहायला गेले आणि चौघांनी त्यांना खाली बसवलं.

एकदा हलल्या की भगत धावतो. तीच तर मजा असते. धूळ, आरडाओरडा, चार मिनिटांत देऊळ. नाना धावले नाहीत. त्यांनी एक पाऊल टाकलं, मोजलं, दुसरं टाकलं, मोजलं. ढोलवाल्यांची पंचाईत झाली. एवढ्या हळू वाजवायचं काही त्यांना येतच नव्हतं. शेवटी त्यांनी आरतीची चाल धरली. दोन्ही बाजूंची गर्दी धावायला तयार होऊन उभी होती, ती चालू लागली, मग रेंगाळू लागली. पाचव्या गाडीत फुटाण्यांची पुडी फिरायला लागली. आठव्या गाडीत समोरासमोर बसलेल्या दोन घरांनी सोयरिकीचं बोलणं सुरू केलं. एक शेळी शांतपणे दोर ओलांडून पलीकडे गेली. नाना थांबले नाहीत, तिने ओलांडायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात त्यांचं एक पाऊलच झालं होतं. ‘शर्टमां इतलं व्हतं’ म्हणणारी म्हातारी आमच्या मागच्या गाडीत होती, ती झोपी गेली.

आणि देवळापाशी गाड्या दर वर्षी पाराला धडकून थांबतात, त्या या वर्षी पारापासून हातभर अलीकडे अशा थांबल्या की म्हातारीला उतरवताना उठवावं लागलं.

त्यानंतर अंगणात जत्राच होती. आबांच्या शेजारी दुसरी खाट टाकून घरच्यांनी नानांना आडवं केलं. नानांना चहाचा कप उचलवत नव्हता, बंटी बशीने पाजत होता. लोक येत होते, पाया पडत होते, हार घालत होते.

“मना टाइमले चार मिनिटमां देऊळ,” आबा शेजारून म्हणाले. “तुना टाइमले तं अंधार पडी गया.” पण त्यांनी हात लांब करून नानांच्या हळदीच्या डोक्यावर ठेवला होता, आणि तो काढत नव्हते.

“ते जाऊ द्या,” नाना म्हणाले. त्यांनी मान वळवून आम्हा जिमवाल्यांकडे पाहिलं. “फॉर्म कसा व्हता?”

“एक नंबर, नाना!” बंटी म्हणाला.

“खल्लास!”

“तोडच नाही. मशीन वाटत होता मशीन!”

हेमंतशेठ म्हणाले की असा फॉर्म त्यांनी जन्मात पाहिला नाही. आबा म्हणाले, फॉर्म-बिर्म राहू द्या, गाड्या देवळात गेल्या ना? सगळे हसले. नाना हसले नाहीत. तहानलेल्याने पाणी मागावं आणि सगळ्यांनी पेढे पुढे करावेत, तसे ते एकेका तोंडाकडे पाहत होते. मग त्यांनी मान सरळ करून डोळे मिटले.

त्यांची पाठ शेवटपर्यंत चार हातांवरून पाहिलेली मी एकटीच होते. अंगणात पन्नास माणसं होती, त्यांतली निम्मी थोरली, सगळी आनंदात. माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार झालं. मी त्याचं मराठी केलं, एकदा मनात म्हणून पाहिलं. या वेळी समोरचा माणूस कुठे निघून जाऊ शकत नव्हता. मी बंटीला बाजूला करून खाटेशी गेले.

“शेवटच्या वळणानंतर दोन्ही खांदे कानांपर्यंत वर गेले होते, नाना,” मी म्हणाले, “आणि देवळाच्या पायऱ्या दिसल्यापासून तुम्ही श्वास सोडायचं विसरलात.”